तुम्ही घ्या, मला पुरे

मी बोलतेय. इकडेतिकडे बघू नका, टेबलावर बघा. चहाच्या किटलीखाली, सोया सॉसच्या बाटलीखाली जी जाड गोल काच आहे, जिच्यावर ताटल्या आणि वाडगे ठेवून तुम्ही गरागरा फिरवता, तीच मी. अमेरिकेत मला ‘लेझी सुझन’ म्हणतात. लेझी म्हणे! सगळे खुर्च्यांवर रेलून खातात, भरल्या ताटल्या घेऊन प्रत्येकाच्या पुढ्यात जाते ती मी, आणि आळशी कोण, तर मीच. ही सुझन कोण होती मला ठाऊक नाही, पण तीही बिचारी राबून राबून बदनाम झाली असणार.

मी वैतागलेली आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. वैतागायला कारण आहे. पण आधी माझी जन्मकथा सांगते, म्हणजे तुम्हीच ठरवा माझं काही चुकतंय का.

माझा जन्म दक्षिण चीनमधल्या एका कारखान्यात झाला. भट्टीतून निघाले तेव्हा नुसती चौकोनी लादी होते. मग मला गोल कापलं, कडा घासघासून गुळगुळीत केल्या आणि पोटाखाली पोलादी छर्ऱ्यांचं कडं बसवलं. तिथल्या एका कामगार बाईनं मला बोटाच्या टोकानं हलकेच ढकललं आणि मी कुरकुर न करता फिरले. बाई खूश झाली. तिनं मला थर्माकोलात गुंडाळलं आणि मी जहाजातून निघाले ती थेट न्यू जर्सीच्या बंदरात उतरले.

तिथून आले पिस्कॅटवेला. युनिव्हर्सिटीपासून जवळ, एका बाजूला कपडे धुण्याचं लॉंड्रोमॅट आणि दुसऱ्या बाजूला कराटेचा क्लास, त्यांच्या मधोमध ‘सिल्व्हर क्रेन’ नावाचं हॉटेल. मिस्टर लिऊ आत वोकची कढई हलवणार, मिसेस लिऊ बाहेर गिऱ्हाईक सांभाळणार. माशांच्या टाकीशेजारी आठ खुर्च्यांचं मोठं गोल टेबल होतं, त्यावर मला बसवलं. मिसेस लिऊंनी व्हिनेगरच्या पाण्यानं मला लख्ख पुसलं, आपला चेहरा माझ्यात बघितला आणि केस सारखे केले. त्या दिवशी मला वाटलं, आपलं आयुष्य सुखाचं जाणार.

माझं काम तसं साधं आहे. ज्याला जे हवं, त्यानं मला ढकलून ते आपल्यासमोर आणायचं आणि घ्यायचं. बस्स. मागावं लागू नये, वाढावं लागू नये, म्हणून तर मला घडवलं. युनिव्हर्सिटीची पोरं यायची, ती मला अशी भिरभिरवायची की चहा उडायचा. पण ताटल्या पाच मिनिटांत चकाचक. हायस्कूलच्या बेसबॉलची टीम यायची, तेही तसेच. या लोकांना काय हवं ते माहीत असायचं आणि ते घ्यायला हात असायचे. माझी काही तक्रार नव्हती.

मग मराठी मंडळी आली.

डॉक्टर हेमचंद्र आणि मृणालिनीबाई, त्यांचे मित्र पुरुषोत्तमराव आणि त्यांची बायको आश्लेषाताई, शिवाय दोघांची मुलं. डॉक्टर किडनीचे, पुरुषोत्तमराव इंजिनियर. दर शुक्रवारी संध्याकाळी ठरलेलं. डॉक्टरांचा मिहीर तेव्हा शाळेत होता. मला जोरात फिरवून सॉसची बाटली वडिलांच्या शर्टावर पाडण्यात त्याचा हातखंडा होता.

आल्या आल्या यांची ऑर्डर हाच एक सोहळा. ‘‘ऑयस्टर सॉस नको. फिश सॉस नको. अंडं चालेल. नाही, हिला चालेल, ह्यांना आज चतुर्थी आहे.’’ मृणालिनीबाई शाकाहारी, म्हणून अर्धी मी शाकाहारी आणि अर्धी मांसाहारी अशी वाटणी व्हायची. आता गोल वस्तूचं अर्धं काय नि पाव काय, फिरली की सगळं सगळ्यांच्या नाकासमोरून जाणारच. कोळंबी समोर आली की मृणालिनीबाई खिडकीबाहेर बघायच्या. मग त्यांच्या पर्समधून लाल तिखटाची डबी निघायची आणि ती सगळ्या टेबलभर फिरायची. एवढं झाल्यावर डॉक्टर मिसेस लिऊंच्या देखतच मराठीत म्हणायचे, ‘‘काही म्हणा, पुण्यात याहून चांगलं चायनीज मिळतं.’’ आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा हजर!

हे सगळंही मी सोसलं असतं. पण यांची खरी खोड वेगळीच होती. ताटलीत शेवटचा एक तुकडा उरला की माझे हाल ठरलेले.

कांद्याची पात घातलेली इथली कुरकुरीत पोळी सगळ्यांना प्रिय. मृणालिनीबाई तिला पातीचा पराठा म्हणायच्या. तिचा शेवटचा तुकडा उरला, की झालं सुरू.

‘‘घ्या हो पुरुषोत्तमराव.’’

‘‘छे छे, तुम्ही घ्या डॉक्टर. मी आडवा हात मारलाय.’’

‘‘कसला आडवा हात? नुसती भाताची चव बघितलीत. वहिनी, तुम्ही तरी घ्या.’’

‘‘मला पुरे बाई. मृणालिनीला द्या, तिनं काहीच खाल्लं नाही.’’

‘‘मी? अगं, मी आता पाणीसुद्धा पिऊ शकत नाही!’’

आणि तो तुकडा माझ्या पाठीवर बसून फेऱ्या मारायचा. डॉक्टर उजवीकडे ढकलायचे, पुरुषोत्तमराव डावीकडे. माझ्या छर्ऱ्यांना कळेना, जायचं कुठे. गंमत अशी की तो तुकडा चौघांनाही हवा असायचा. मी सगळ्यांच्या डोळ्यांखालूनच जात होते ना, मला दिसत होतं. शेवटी तुकडा थंड होऊन चामड्यासारखा व्हायचा, मग तो डब्यात भरायचा, आणि डबा कुणी न्यायचा यावर दारात पुन्हा तेच! एकदा तर डबा कुणाच्याच गाडीत न जाता बाहेरच्या कठड्यावरच राहिला. मिसेस लिऊंनी तो आणून कचऱ्यात टाकला आणि मला पुसता पुसता आपल्या भाषेत बराच वेळ बोलत राहिल्या. शब्द कळले नाहीत, सूर कळला. आमचं दोघींचं पटतं ते उगाच नाही.

वर्षं गेली. मुलं मोठी होऊन पांगली. पुरुषोत्तमराव गेले. आश्लेषाताई लेकीकडे सिएटलला राहायला गेल्या. शुक्रवारची गर्दी डॉक्टरांना सोसेना, म्हणून हे दोघं गुरुवारी दुपारी येऊ लागले. दोघांना दोघांचं टेबल पुरलं असतं, पण मिसेस लिऊ त्यांना माझ्याकडेच आणून बसवतात. आठ खुर्च्यांत दोन माणसं. तो ताटल्यांचा पसारा गेला, ती भांडणं गेली, आणि खरं सांगते, मला करमेना.

पण खोड? ती कुठे जाते! आता तुकडा दोघांतच फिरायचा.

‘‘तू घे, मृणाल.’’

‘‘तुम्ही घ्या, मला पुरे.’’

इथवर ठीक होतं. पराठ्याच्या तुकड्यानं कुणाचं आयुष्य बिघडत नाही. पण गेल्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला या लोकांनी तोच खेळ राहत्या घराशी मांडला. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

मिहीर आता टेक्ससमध्ये, प्लेनोला असतो. मोठ्या कंपनीत आहे. बायको सावनी, मुलगी केया सहावीत. तिघं सुट्टीत आले होते आणि अर्थातच जेवायला इथे. सूप येतंय तोवर मिहीर म्हणाला, ‘‘आई, बाबा, आम्ही नवीन घर घेतोय. ग्राउंड फ्लोअरला मोठी बेडरूम आहे, फुल बाथ. तुम्ही दोघं मूव्ह व्हा ना. इथे एवढ्या मोठ्या घरात एकटे काय करता यार तुम्ही?’’

मी दोघांच्या मध्ये होते. मी काय बघितलं ते ऐका. डॉक्टरांनी आधी बायकोकडे बघितलं. ती केयाच्या केसांवरून हात फिरवत होती. डॉक्टरांनी मनात ठरवून टाकलं, हिचा जीव नातीत अडकलाय, हिला जायचंय. म्हणून ते म्हणाले, ‘‘कल्पना वाईट नाही.’’ ते ऐकून मृणालिनीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं आणि त्यांनी ठरवलं, यांना आता एकटं वाटतंय, यांना मुलाजवळ जायचंय. म्हणून त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही म्हणाल तसं.’’

‘‘छे, तू म्हणशील तसं.’’

‘‘माझं काय, मी कुठेही राहीन.’’

‘‘मग ठरलं!’’ मिहीर म्हणाला. त्याला एवढा आनंद झाला की त्यानं मला लहानपणासारखं गरकन फिरवलं.

ठरलं! दोघांपैकी कुणीही ‘मला जायचंय’ असं म्हटलेलं नव्हतं, आणि ठरलं!

तुम्ही म्हणाल, तुला काय माहीत त्यांना जायचं नव्हतं? मला माहीत आहे, कारण त्यांनीच सांगितलं. एकमेकांना नाही. एकमेकांना सांगतील तर शपथ!

जानेवारीत एका गुरुवारी मृणालिनीबाई हात धुवायला गेल्या, तेव्हा डॉक्टर मिसेस लिऊंना इंग्रजीत म्हणाले, ‘‘मला इथून हलायचं नाही हो. बुधवारी फ्री क्लिनिकला जातो, तिथे माझी वाट बघणारे पेशंट आहेत. तिथे प्लेनोत मी काय करणार, दिवसभर टीव्हीपुढे बसणार? पण तिला नातीजवळ राहायचंय. आयुष्यभर माझ्या ड्यूट्यांमागे फरफटली, आता तरी तिच्या मनासारखं होऊ दे.’’

मिसेस लिऊ म्हणाल्या, ‘‘तिला सांगा ना.’’

‘‘नको नको. सांगितलं तर माझ्यासाठी थांबेल ती.’’

आणि पुढच्याच गुरुवारी बाहेर बर्फ होतं म्हणून डॉक्टर गाडी दाराशी आणायला गेले. मृणालिनीबाईंनी कोट घालता घालता शेजारच्या ऋताला फोन लावला. ‘‘ऋता, कसलं गं जायचंय मला! तिथे सगळा हायवे. मला त्या वेगात गाडी चालवता येणार नाही. म्हणजे दूध संपलं तरी सावनी ऑफिसातून कधी येते याची वाट बघत बसायचं. सून गुणाची आहे, पण इथे मी माझी मी जाते-येते. पण ह्यांना मुलगा हवाय जवळ. बोलत नाहीत, पण मला कळतं ना. कळतं मला.’’

कळतं म्हणे! ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं ही, आणि यांना एकमेकांच्या मनातलं कळतं!

मी काय करणार? माझ्या पाठीवर दोघांची दोन सत्यं, शेजारी शेजारी ठेवलेली. एकानं मला जरा ढकललं असतं, तर दुसऱ्याचं समोर आलं असतं. पण कुणी हात लावल्याशिवाय मला फिरता येत नाही, आणि बोलता तर मुळीच येत नाही. त्या दिवशी मी किटली सांडायची पुष्कळ इच्छा केली. किटली हललीसुद्धा नाही.

मार्चमध्ये घराला गिऱ्हाईक मिळालं. एप्रिलमध्ये मिहीर, सावनी आणि केया सामान बांधायला मदत करायला आले. उद्या सकाळी वकिलाकडे जाऊन डॉक्टर आणि मृणालिनीबाई घराच्या करारावर सही करणार, आणि आज संध्याकाळी ‘सिल्व्हर क्रेन’मध्ये निरोपाचं जेवण. उद्याची सही झाली की घर गेलं. माझ्यावर मापो टोफू होतं, घेवड्याच्या शेंगा होत्या, नूडल्स होत्या आणि अर्थात पातीच्या पराठ्याची मोठी ताटली. तिखटाची डबीही होती. सगळं जागच्या जागी होतं, आणि दोघं असे हसत होते की मला बघवेना.

जेवता जेवता डॉक्टर सहज म्हणाले, ‘‘आज क्लिनिकला शेवटचं जाऊन आलो. किल्ली परत दिली.’’

मृणालिनीबाईंचा घास हातातच राहिला. ‘‘आज? सांगितलं नाहीत मला.’’

‘‘त्यात काय सांगायचं? जायचं म्हटल्यावर सोडणं आलंच. तू नूडल्स घे.’’

त्यांनी नूडल्स घेतल्या नाहीत. नवऱ्याकडे बघत राहिल्या. डॉक्टर मिहीरशी टेक्ससच्या उन्हाळ्याबद्दल बोलू लागले, जरा जास्तच उत्साहानं.

पराठ्याचा शेवटचा तुकडा उरला होता. केयानं मला फिरवून तो सगळ्यांसमोर आणला. ‘‘डझ एनीवन वाँट धिस?’’

‘‘तू घे बाळा,’’ आजी म्हणाल्या.

‘‘आय’म फुल. आबा, यू वाँट इट?’’

‘‘नाही गं, मला पुरे. आईला विचार.’’

‘‘मम्मा?’’

‘‘नको. आजींना दे,’’ सावनी म्हणाली. आजी म्हणाल्या, ‘‘मी पाणीसुद्धा पिऊ शकत नाही.’’ मिहीर म्हणाला, ‘‘आबांना दे.’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘अरे मला खरंच नको.’’

केया अमेरिकेत वाढलेली मुलगी. तिला कुणी नको म्हटलं की तिला नकोच ऐकू येतं. तिनं सगळ्यांचं नीट ऐकून घेतलं, ताटली उचलली आणि जवळून जाणाऱ्या मिसेस लिऊंच्या हातात दिली. ‘‘वी आर डन विथ धिस. नोबडी वाँट्स इट.’’

मिसेस लिऊंनी ताटली घेतली आणि त्या किचनकडे निघाल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आणि डॉक्टरांची नजर त्या ताटलीमागोमाग थेट किचनच्या दारापर्यंत गेली.

मृणालिनीबाईंनी ती नजर बघितली.

‘‘हवा होता ना तुम्हाला?’’

‘‘काय? पराठा? छे.’’

‘‘खोटं बोलू नका. हवा होता.’’

डॉक्टर ओशाळले. ‘‘हो, म्हणजे... खाल्ला असता. त्यात काय एवढं?’’

‘‘आणि क्लिनिक?’’

डॉक्टर रुमालानं चष्मा पुसायला लागले. मृणालिनीबाईंचा आवाज चढला. या बाईचा आवाज मी आजवर चढलेला ऐकला नव्हता. ‘‘आणि प्लेनो? तिथे तरी जायचंय का तुम्हाला, का तेही मला वाढताय?’’

‘‘अगं, तुला केयाजवळ...’’

‘‘माझं सोडा! मला नाही जायचं. मला कधीच जायचं नव्हतं. मी तुमच्यासाठी हो म्हटलं!’’

‘‘तू माझ्यासाठी?’’ डॉक्टर थक्क होऊन म्हणाले. ‘‘आणि मी कुणासाठी म्हटलं?’’

सुटले बाई एकदाचे! माझ्या जिवात जीव आला. मी म्हटलं, आता हसतील, टाळ्या देतील आणि घरी जातील. पण भिडस्तपणाचा हिशोब इतका स्वस्तात मिटत नाही. टेबलावर तिसरा माणूस होता आणि त्याचा चेहरा उतरला होता.

‘‘वेट,’’ मिहीर म्हणाला. ‘‘सो नायदर ऑफ यू वाँटेड टू कम? आई, मी ते घर तुमच्यासाठी घेतलं. ग्राउंड फ्लोअरची रूम हवी म्हणून आम्ही सहा महिने शोधत होतो. बाथरूममध्ये धरायला ग्रॅब बार्स लावलेत. केयानं तुमच्या रूमचा कलर सिलेक्ट केलाय.’’

‘‘मी तुला म्हणत होते, एकदा दोघांना वेगवेगळं विचार,’’ सावनी हळूच म्हणाली.

‘‘विचारलं होतं ना! दे सेड येस!’’

झालं. मुलाचं तोंड बघून डॉक्टर विरघळले. ‘‘अरे, तसं नाही रे. येऊ ना आम्ही. एवढं केलंयस तू. तिथेही बरंच वाटेल. मृणाल, जाऊ या आपण, काय बिघडतं...’’

पुन्हा! पुन्हा तेच! मला कपाळ असतं तर मी ते बडवून घेतलं असतं. घर हातातून चाललं होतं, उद्या सही, आणि हे गृहस्थ मुलाच्या ताटात आपलं म्हातारपण वाढायला निघाले होते!

मृणालिनीबाईंनी तळहात माझ्यावर दाबून ठेवला. मी जागच्या जागी थांबले. त्या म्हणाल्या, ‘‘आता कुणी कुणाला वाढायचं नाही. अहो, त्याचं राहू दे, माझं राहू दे. तुम्हाला काय हवंय ते सांगा.’’

डॉक्टरांनी टाकीतल्या माशांकडे बघितलं. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, ‘‘मला इथे राहायचंय.’’

‘‘मलाही,’’ त्या म्हणाल्या. आणि त्यांना रडू आलं.

केयानं आजीला पेपर नॅपकिन दिला. मिहीर खुर्ची मागे सरकवून उठला आणि बाहेर गेला. काचेच्या दारातून तो पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालताना दिसत होता. सावनी त्याच्यामागे गेली नाही. ती म्हणाली, ‘‘येईल तो. रूमचा रंग त्यानं स्वतः दिलाय ना, त्यामुळे.’’ मिसेस लिऊंनी न मागता नवी किटली आणून ठेवली आणि काही न विचारता निघून गेल्या.

मिहीर परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तो बसला आणि म्हणाला, ‘‘ओके. राहा इथे. मी फोर्स नाही करत. पण मला एक सांगा, मी तुमच्यावर विश्वास कसा ठेवू? गेल्या वर्षी थंडीत बाबा घरापुढच्या ड्राइव्हवेवर पडले, ते मला कधी कळलं? ऋतामावशीकडून, तीन आठवड्यांनी. मी रोज फोन करतो, तुम्ही रोज म्हणता ‘आम्ही मजेत’. मी तिथे रात्री जागा असतो, आई. मला माहीतच नसतं की मजेत म्हणजे काय. म्हणून मला तुम्ही तिथे हवे होतात.’’

आजवर मला वाटायचं, हा खेळ या टेबलापुरताच आहे. इतक्या लांब टेक्ससमध्ये एक माणूस त्यापायी रात्रीचा जागतोय हे मला काय माहीत?

‘‘चुकलं आमचं,’’ मृणालिनीबाई म्हणाल्या. ‘‘तुला काळजी नको म्हणून सांगत नव्हतो रे.’’

‘‘त्यानंच काळजी वाटते!’’ मिहीर म्हणाला. मग वडिलांकडे वळला. ‘‘बाबा. आत्ता. कसं वाटतंय तुम्हाला? मजेत म्हणायचं नाही.’’

डॉक्टरांचं तोंड सवयीनं उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग ते म्हणाले, ‘‘गुडघा दुखतो. पडलो तेव्हापासून. फार दुखतो रे.’’

‘‘काय?’’ मृणालिनीबाई ओरडल्या. म्हणजे हे त्यांनाही माहीत नव्हतं! किडनीच्या डॉक्टरानं स्वतःचा गुडघा वर्षभर लपवून ठेवला होता, आणि कुणापासून, तर रोज समोर बसणाऱ्या बायकोपासून. मी काय बोलू यावर? तुम्हीच बोला.

दुसऱ्या दिवशी सही झाली नाही. घर घेणारं तरुण जोडपं खट्टू झालं, मिहीर तर पुष्कळ दिवस खट्टू होता. खोटं बोलू कशाला, तो अजूनही थोडा आहे. प्लेनोची ती खोली तशीच आहे. थंडीचे दोन महिने दोघांनी तिथे राहायचं असं ठरलंय. या वेळी ठरवताना प्रत्येकाला आळीपाळीनं बोलायला लावलं होतं, आणि लावणारी होती केया.

आता माझ्याविषयी. मी थकलेय. पोटाखालचे छर्रे झिजलेत, फिरताना करकरते. काठाला एक टवका उडालाय. मिसेस लिऊंची मुलगी म्हणते, गोल टेबल काढू या, आता लोक घरीच मागवतात किंवा दोघं-तिघं येतात. खरं आहे तिचं. एखाद्या सोमवारी मी मागच्या दारी भिंतीला टेकलेली दिसले तर आश्चर्य नको.

पण अजून गुरुवार माझा आहे. दोघं येतात. डॉक्टर बुधवारचं क्लिनिक पुन्हा करतात, बसून करतात. आता जेवताना मिहीर व्हिडिओ कॉल करतो, आणि मृणालिनीबाई फोन माझ्यावरच, किटलीला टेकवून उभा करतात. परवाच्या गुरुवारची गोष्ट. मिहीरनं विचारलं, ‘‘बाबा, गुडघा?’’ डॉक्टर कॅमेऱ्याकडे बघून छान हसले आणि म्हणाले, ‘‘अरे, एकदम मजे...’’

मृणालिनीबाईंनी एका बोटानं मला ढकललं. मी करकरत अर्धी फेरी फिरले आणि मिहीरचा चेहरा त्यांच्यासमोर नेऊन थांबवला.

‘‘दुखतोय त्यांचा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आज काठी घेऊन आलेत. आणि ऐक, काल रात्री मला तुमची सगळ्यांची फार आठवण आली. झोप नव्हती. हे मी तुला सांगणार नव्हते, पण सांगतेय.’’

पलीकडून मिहीर म्हणाला, ‘‘थँक यू, आई.’’

माझ्यासारख्या गोल टेबलावर तुम्ही कधी बसलात तर एवढं करा. हवं असेल तर हवं म्हणा. नको असेल तर नको म्हणा. समोरच्याच्या मनातलं ओळखायला जाऊ नका, तुम्हाला ते येत नाही. मी वर्षानुवर्षं बघतेय. त्यापेक्षा मला जरा ढकला आणि त्यालाच विचारा.